माई फराईच्या मळ्यातली स्वप्नं

माई फराई आपली स्वप्नं अशी सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई कालच गावी जाऊन आली. "काल मुटोकोला गेले होते," म्हणायची आणि वाफ्यातलं तण उपटत राहायची. "आंबे लगडलेत यंदा. पण निम्मे पाखरांनी फोडलेत." मुटोको आमच्या झिम्बाब्वेत, आणि आम्ही इंग्लंडात, शेफील्डच्या एका उतारावर उभ्या, धुक्यात. खालची घरं दिसायची नाहीत, नुसती धुराड्यांची टोकं वर आलेली असायची. तिच्या नखांत माती असायची, आणि ऐकता ऐकता ती माती तिकडचीच वाटायला लागायची.

तिचं नाव एस्नाथ. पण आमच्यात बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मुलगा फराई, म्हणून ती माई फराई. तो तिकडे आजीजवळ वाढत होता. नवरा कधीच गेला होता. इथे ती म्हाताऱ्यांच्या एका निवासात काम करायची, कुणाला अंघोळ घाल, कुणाला भरव. तिथल्याच क्लिफर्ड नावाच्या आजोबांनी पाय थकल्यावर आपला मळा तिच्या हवाली केला होता. मळा म्हणजे नगरपालिकेने भाड्याने दिलेला उतारावरचा एक तुकडा, त्यात एक लाकडी खोपट आणि पाण्याचं पिंप. शेजारच्या तुकड्यांत गुलाब नाहीतर बटाटे. माईच्या तुकड्यात भोपळ्याचे वेल आणि पांढरा मका. त्या थंडीत मक्याची कणसं धड भरत नसत, पण ताटं मात्र अशी वाढायची, की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसू नये.

भोपळ्याच्या कोवळ्या पाल्यासाठी आमची माणसं कुठूनही यायची. देठांचे दोरे सोलायचे, पानं शिजवायची, शेंगदाण्याचं कूट घालायचं, आणि बरोबर मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा. हा पाला इथल्या बाजारात मिळत नाही. म्हणून शनिवारी मळ्यात चारदोन बायका पिशव्या घेऊन वाकलेल्या दिसल्या, तर त्यात कुणाला काही नवल वाटायचं नाही. सगळं त्यावरच उभं होतं, पण ते मला मागाहून कळलं.

माझं नाव विंबाई. मी तेव्हा एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायचे आणि चर्चमधल्या दोन मुलींबरोबर एका घरात राहायचे. एकदा ताप आला तो उतरेना, म्हणून इस्पितळात गेले, आणि तिथे कळलं की मला एचआयव्ही आहे. नर्स चांगली होती. गोळ्या दिल्या आणि एक पत्ताही दिला, तिथे तुझ्यासारख्या बायका भेटतात म्हणाली. गोळ्या मी चहाच्या डब्यात लपवल्या. पत्ता मात्र कुठेच लपवता येईना, कारण तो आमच्या लोकांच्या दुकानाला लागूनच होता. आमचा अख्खा समाज शनिवारी त्या दुकानात यायचा, मक्याचं पीठ घ्यायला, सुकी मासळी घ्यायला आणि कुणाचं काय चाललंय ते ऐकायला. मी त्या दारापाशी जायचे, आणि दारापाशी गेले की माझे पाय दुकानात वळायचे. घरात पिठाच्या पिशव्या साठत गेल्या. बरोबरच्या मुली म्हणाल्या, "विंबाई, तिकडे दुष्काळ पडलाय म्हणून इकडे साठा करतेस का?"

आणि रात्री स्वप्नं पडायची. गोळी झोपताना घ्यायची होती. ती घेतली की झोपेत एक दार उघडायचं, आणि आतलं सगळं पाण्याने धुऊन उन्हात ठेवल्यासारखं लख्ख असायचं. आमच्या शाळेचे बाक नदीतून वाहत चाललेत आणि आम्ही पोरी त्यांच्यावर बसून पाढे म्हणतोय. माझी मेलेली मावशी माझ्या केसांच्या वेण्या घालतेय, आणि प्रत्येक वेणीतून पाण्याचा आवाज येतोय. जागी झाले तरी डोक्याच्या कातडीला तिची बोटं जाणवायची. मला वाटायचं, आपल्याला वेड लागत चाललंय. तेही कुणाला सांगायची सोय नव्हती.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा मी माईच्या मळ्यात गेले, खरोखरच पाल्यासाठी. माईने लांबूनच हात केला, "त्या टोकाकडनं खुड गं, तिकडचा कोवळा आहे." मी वाकून खुडत होते. मक्यापलीकडून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. एक माई, दुसरी सेकाई नावाची बाई, तिला मी नुसती तोंडओळखीने जाणत होते.

"मग पुढे?" सेकाई म्हणत होती.

"पुढे काय, आईने चुलीवरचं भांडं उतरवलं, तर आत सगळा पाऊस. आणि असा स्वच्छ, की तळाचे खडे मोजावेत. जागी झाले तर हाताला धुराचा वास येत होता. खरंच सांगते."

"मला वास नाही येत. मला रंग दिसतात. काल लाल रंग असा होता, की डोळे उघडल्यावर भिंतच पांढरीफटक वाटली."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. आणि मनात नसताना माझ्या तोंडून गेलं, "मला बोटं जाणवतात. उठल्यावरसुद्धा."

मक्याची पानं एकमेकांना घासत होती तेवढाच आवाज. मग माई हळूच म्हणाली, "केव्हापासून गं?"

"तापातून उठले तेव्हापासून."

"रात्री झोपताना घेतेस ना? पिवळसर, मोठी? घशात अडकते ती?"

माईने मक्यातून हात घातला आणि माझी पिशवी चाचपली. "अजून अर्धीच भरलीय. भर आधी. मग खोपटात ये, चहा ठेवलाय. तुला वेड लागलेलं नाही पोरी. गोळीच तशी आहे."

खोपटात एक बाई पिठाच्या पोत्यावर बसून पायातले चिखलाने भरलेले बूट काढत होती. तिचं नाव आयोनी. नर्सने दिलेल्या पत्त्यावर, त्या दाराआड, बायकांच्या बैठकीसाठी खुर्च्या मांडून आमची वाट पाहायची ती हीच. तिचे आईबाप जमैकाहून आलेले, जन्म इथला. आम्हाला ती आपली वाटायची नाही, आणि तिला वाटायचं की आम्ही तिला जवळ करत नाही. दोन्ही खरंच होतं. रस्त्यावरच्या गोऱ्या माणसाला मात्र आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो.

मळ्यात बैठक कशी आली ते आयोनीनेच मला सांगितलं. इस्पितळात तिची माईशी गाठ पडली होती. आयोनी म्हणाली होती, "मी दर आठवड्याला खुर्च्या मांडते, चहा करते, बिस्किटं ठेवते. कुणी येत नाही."

"तुझ्या दारावर हाताएवढ्या अक्षरांची पाटी आहे," माई म्हणाली. "आणि शेजारी पिठाचं दुकान. तू बिस्किटं काय, सोनं वाटलंस तरी कोण येईल?"

"मग मी करू काय?"

"पाला खुडायला ये."

"आणि माझ्या साहेबांना काय सांगू? बैठक भोपळ्यात भरते म्हणून?"

"सांग की, बैठकीत बायकांना भाजीपाला मिळतो म्हणून. खोटं आहे का?"

तशी आयोनी येऊ लागली. पहिल्या दिवशी नाजूक चपला घालून आली आणि एक चप्पल अजून तिथे कुठेतरी मातीत आहे. मळ्यात कुणी कुणाला आजाराचं विचारायचं नाही, असा काही नियम केलेला नव्हता, पण कुणी विचारत नसे. बाई यायची, खुडायची, ओळीत कुणाशी बोलायची. तोंडं दिसत नसली की बोलणं सोपं जातं. सेकाई आधी बरेच दिवस गोळ्यांशिवाय राहिली होती, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं, की दवाखान्यात नाव लागलं की सरकारला कळतं आणि विमानात बसवून परत पाठवतात. आयोनी तिच्या शेजारी वाकून तण उपटत राहिली आणि तण उपटतच म्हणाली, "असं होत नाही. मी येते तुझ्याबरोबर. मी बाहेर बसेन, नाहीतर आत, तू म्हणशील तिथे." सेकाई लगेच हो म्हणाली नाही. बरेच शनिवार गेले. मग एकदा म्हणाली, "आत."

आम्हा सगळ्यांत स्वप्नं मात्र माईची. तिच्या स्वप्नांत एक गोष्ट राहून राहून यायची. तिचा नवरा मुटोकोहून हरारेला जाणारी बस चालवायचा. "खोकल्याने गेला," असं घरात म्हणायचे. त्या वर्षांत आमच्याकडे पुष्कळ माणसं खोकल्याने गेली. इथे आल्यावर स्वतःचं कळलं, तेव्हा माईला त्याचंही कळलं. पण एक कळलं नाही.

"त्याला ठाऊक होतं का?" ती म्हणायची. "ठाऊक असून गप्प बसला, की काही ठाऊक नसताना गेला बिचारा? मला भांडायचं नाहीये. तेवढं एक विचारायचंय."

स्वप्नात तो बसच्या टपावर असायचा, टोमॅटोच्या टोपल्या दोरीने आवळत, तिच्याकडे पाठ करून. ती खालून हाक मारायची, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सुरू व्हायचं. कधी बस निघून जायची, कधी तिथे बसच्या जागी वडाएवढं झाड उभं असायचं आणि त्याच्या पानांतून इंजिनाचा आवाज यायचा. एकदा तर त्याने मान अर्धी वळवली होती. त्या दिवशी माई आम्हा सगळ्यांना जास्तीचा पाला देत होती.

सेकाईला हे आवडायचं नाही. "माई, त्याने काही खायला दिलं तर खायचं नाही हं. आणि त्या बसमध्ये तर मुळीच चढायचं नाही. मेलेल्या माणसाच्या गाडीला परतीचं तिकीट नसतं."

"मी कुठे जातेय? मी खाली उभी राहून विचारणार."

"तसंच म्हणतात सगळे."

मग हिवाळ्यात माई पडली. सकाळी उठल्यावर तिला बऱ्याचदा गरगरायचं, तेही त्या गोळीनेच, पण ती कुणाला सांगत नसे. फाटकाच्या वाटेवर दव गोठलं होतं. ती घसरली आणि हात मोडला. आयोनी आणि मी तिला घेऊन इस्पितळात गेलो. तिची नेहमीची डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ. ती म्हणाली, "आता नवी गोळी आलीय. काम तेच करते. चक्कर नाही, आणि ती त्रासदायक स्वप्नंही नाहीत."

"मला नको," माई म्हणाली.

डॉक्टरला वाटलं हिला समजलं नाही. तिने पुन्हा सावकाश सांगितलं.

"समजलं मला. जुनीच दे."

"पण बाकीच्या सगळ्या स्वप्नांना कंटाळून बदलून मागतात."

"त्यांच्या स्वप्नात कोण येतं ते मला काय माहीत, बाळ."

बाहेर आल्यावर आयोनी तिच्यावर चिडली. "माई, उद्या डोकं फुटलं तर? त्या माणसासाठी पडून मरणार आहेस का? तो तर गेला."

"म्हणून तर दुसरीकडे कुठे भेटत नाही," माई म्हणाली.

मी स्वतः गोळी बदलून घेतली होती आणि मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. पण मावशीची बोटं गेली होती, आणि ते मला ठाऊक होतं. शेवटी डॉक्टरनेच तोड काढली. हातात आहे ती बाटली संपू दे, मग नवी. माईने मान डोलावली. त्यानंतर दर शनिवारी आम्ही मळ्यात शिरल्या शिरल्या तिच्या तोंडाकडे पाहायचो, विचारलंस का म्हणून. ती मानेनेच नाही म्हणायची.

बाटली संपत आली तेव्हा आम्ही गेल्या वर्षीचे वाळलेले वेल ओढून काढत होतो. माईचा हात गळ्यात बांधलेला, ती पालथ्या बादलीवर बसून नुसती सांगायचं काम करत होती. मध्येच म्हणाली, "काल बसमध्ये चढले."

सेकाईने हातातला वेल टाकला.

"दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं, नुसत्या टोपल्या. मी त्याच्या मागच्या बाकावर बसले. बाहेर काय ऊन होतं बाई, रस्ता पिठासारखा पांढरा. तो गाडी चालवत होता आणि मला आरशात त्याचं तोंड दिसत होतं. इतक्या वर्षांनी तोंड दिसलं."

"मग विचारलंस?"

"विचारलं."

आम्ही सगळ्या थांबलो होतो. आयोनीसुद्धा.

"म्हटलं, जेवलास का?"

सेकाई म्हणाली, "अगं, एवढी वर्षं थांबलीस, जीव धोक्यात घालून त्या गाडीत चढलीस, आणि विचारलंस काय, तर जेवलास का?"

"मग काय करू? गालफडं बसली होती त्याची. दुसरं काही सुचलंच नाही."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, पोचल्यावर जेवतो. मग म्हणाला, तू इथेच उतर, पुढचा रस्ता खराब आहे. मी उतरले, तर हे आपलंच फाटक. धुकं होतं. बस तशीच वर गेली, त्या क्लिफर्ड आजोबांनी लावलेल्या झाडाच्या बाजूने." तिने उताराच्या माथ्याकडे हात केला. आम्हीही तिकडे पाहिलं. सेकाई तर बराच वेळ पाहत होती.

नवी गोळी सुरू झाली आणि माईची स्वप्नं थांबली. "रात्र म्हणजे नुसती भिंत झालीय," म्हणायची. तिची चिडचिड वाढली. कुणी वेल तुडवला तर बोलायची, कुणी नाही तुडवला तरी बोलायची. पण तिचं गरगरणं गेलं, अंग भरलं, आणि वसंतात एके दिवशी कामाला उशिरा पोचली, कारण तिला झोप लागली होती. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. ते सांगताना ती थोडी लाजली होती.

त्याच वसंतात फराईचे इकडे यायचे कागद झाले आणि तो आला. उंच, कमी बोलणारा, तिकडे विजेची कामं करायचा. माईने त्याला सोडलं तेव्हा तो तिच्या कमरेला लागायचा. आता ती त्याच्याकडे मान वर करून पाहायची आणि काय बोलावं ते न सुचून त्याला वाढत राहायची. गोळ्यांची बाटली तिने पिठाच्या डब्यात खुपसून ठेवली.

"सांगू नकोस," सेकाई म्हणाली. "मुलगा आहे, नवरा नाही. त्याला कशाला?"

"तुझी इच्छा," आयोनी म्हणाली. "घाई नाही."

माईने थोडा विचार केला. "त्याच्या बापाने मला विचारत ठेवलं," ती म्हणाली. "मी पोराला तसं विचारत ठेवणार नाही."

तिने मळ्यातच सांगितलं. फराई वाफा खणत होता. मी खोपटामागे बी भिजवत होते आणि तिथून निघून जायला वाट नव्हती, म्हणून मला ऐकू आलं.

"फराई, मला एचआयव्ही आहे. गोळी घेते. बरी आहे मी."

फावडं थांबलं नाही. दोनचार वेळा माती उलथल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बाबांनाही?"

"असणार. मला सांगितलं नाही."

"त्यांना माहीत होतं?"

"ते मला नाही सांगता येत, बाळा."

तो खणत राहिला. बराच वेळ. शेवटी माई म्हणाली, "अरे, पुरे. भाजी लावायचीय, विहीर नाही काढायची."

तेव्हा तो हसला, आणि हसता हसता खाली त्या खड्ड्याच्या कडेलाच बसला. म्हणाला, "आजी सांगायची, तुझी आई तिकडे मजेत आहे, म्हणून येत नाही. मला तुझा फार राग यायचा."

"येऊ दे की. इथवर पोचत नव्हता तो."

"नंतर आजीने बोलणंच सोडलं त्याबद्दल."

"तिला काय सांगणार होते मी? फोनवर?"

मी डोकावून पाहिलं तर माई त्याच्या शेजारी बसली होती आणि त्याच्या मानेवरची माती पदराने पुसावी तशी आपल्या ओढणीने पुसत होती, आणि तो पुसू देत होता.

पुढे फराई स्वतःची तपासणी करून आला. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यालाच करायची होती. माई बरोबर गेली. त्याला काही नव्हतं. परतताना दोघं आमच्या लोकांच्या दुकानात गेले आणि तिथे माईने चर्चमधल्या एका बाईला, "इस्पितळातून येतोय," असं सहज सांगितलं. ती बाई "बरं बरं," म्हणाली आणि मासळीचा भाव विचारू लागली.

याला आता पुष्कळ दिवस झाले. फराई दुसऱ्या गावात कामाला आहे, खणायच्या दिवसांत येतो. सेकाईला इथे राहायचे कागद मिळाले, ती लेस्टरला गेली. आयोनीच्या त्या खोलीला सरकारकडून मिळणारी मदत बंद झाली आणि तिच्या खुर्च्या कुणीतरी घेऊन गेलं. आयोनी मात्र येते. जमैकातल्या तिच्या आजोळी करतात तसली एक पालेभाजी तिने माईच्या बांधाला लावलीय, आणि ती माईच्या पाल्यापेक्षा चवीला बरी, असा तिचा दावा आहे. माई ते कबूल करत नाही. आता येणाऱ्या बायकांच्या गोळीत स्वप्नं नसतात. आम्ही जुन्या बायका कधी स्वप्नांचं बोलायला लागलो, की त्या तोंडाकडे पाहतात.

गेल्या उन्हाळ्यात कॅमेरूनची एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिला फक्त फ्रेंच येत होतं, आणि तिला कुणी दुभाषा नको होता, कारण जी माणसं तिची भाषा बोलायची ती तिच्याच गावची होती. इस्पितळातून तिला कुणीतरी इकडे पाठवलं होतं. माई आता वाकत नाही फारशी. ती उठली, त्या बाईच्या हातात घेवड्याच्या काठ्यांचा भारा दिला आणि पहिली काठी स्वतः रोवून दाखवली. ती बाई रोवू लागली. माई मागून दोरी बांधत गेली, आपल्या भाषेत काहीबाही बोलत. ओळ निम्मी झाली तेव्हा ती बाईही तिच्या भाषेत बोलू लागली होती, आधी हळू, मग भरभर. मी खोपटात जाऊन तिच्यासाठी एक कप धुऊन ठेवला.